डावीकडे ओढणारं टेबल : सोलापुरातल्या एका स्नूकर हॉलचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या एका गल्लीत पत्र्याची जुनी शेड आहे. पूर्वी तिथे चादरीचे माग चालायचे. ते बंद पडले, शेड बरीच वर्षं रिकामी राहिली, आणि मग एका तरुणाने ती भाड्याने घेऊन स्नूकरची दोन टेबलं टाकली. गल्लीचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. हॉल चालवणाऱ्याला सगळे ‘मालक’ म्हणतात, इथेही तेच म्हणू. मी व्यवसायाने बांधकामाचा इंजिनिअर आहे आणि याच हॉलमध्ये खेळतो, त्यामुळे हे प्रकरण दोन्ही अंगांनी माझ्या जवळचं.

दोन्ही टेबलं पूर्ण मापाची, १२ बाय ६ फुटांची. अशा टेबलाचं वजन एक टनाच्या वर जातं आणि त्यातला मोठा वाटा लाकडी चौकटीवर बसवलेल्या पाच स्लेटचा, म्हणजे सपाट दगडी लाद्यांचा असतो. एकेक स्लेट साधारण दीडशे किलोची. हा सगळा भार आठ पायांवर येतो. आठही पाय इथे शहाबादी फरशीवर उभे होते, फरशीखाली थोडा मुरूम, आणि त्याखाली सोलापूरची काळी माती. या मातीबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे.

खेळणारे तीन प्रकारचे. दुपारी कॉलेजची पोरं. संध्याकाळी दुकानदार आणि मागवाले. आणि रोज ठरलेल्या वेळेला येणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्ड्सचं जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकलं आणि त्यांच्या रूपाने भारताला पहिला जगज्जेता मिळाला, हे काका प्रत्येक नव्या पोराला आवर्जून सांगतात. “पुणं इथून रात्रीच्या गाडीचं अंतर आहे रे,” हे त्यांचं पुढचं वाक्य. राज्य संघटनेच्या स्पर्धा बहुतेक मुंबई-पुण्यात होतात. सोलापूरच्या पोराला खेळात पुढे जायचं तर कधी ना कधी ती गाडी धरावीच लागते.

हॉलचा रिवाज बहुतेक ठिकाणी असतो तोच, हरेल तो टेबल भरेल. टेबलाचे पैसे फ्रेम, म्हणजे एक डाव, हरणाऱ्याच्या खिशातून जातात, म्हणून टेबलात दोष असला की तो दोष लगेच पैशाचा वाद होतो.

अडचण

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला टेबल नंबर एकवर कुरबुर सुरू झाली. बॉल्ककडून, म्हणजे खेळ सुरू करायच्या टोकाकडून, समोरच्या टोकाच्या काळ्या बॉलकडे हळू सोडलेला बॉल शेवटच्या हातभर अंतरात डावीकडे वळायचा. जोरात मारला तर सरळ. हळू मारला तर पॉकेटच्या, म्हणजे बॉल घालायच्या भोकाच्या, तोंडाशी येऊन त्याच्या जबड्याला लागायचा. “मालक, टेबल ओढतंय ओ,” हे रोजचं झालं. एका संध्याकाळी निर्णायक काळा बॉल असाच वळला आणि दोन दुकानदारांत पैशांवरून इतकी जुंपली की दोघांनीही हॉलला येणं सोडलं.

मालकांनी हातावर हात ठेवले नव्हते. आदल्या दोन वर्षांत दोनदा पुण्याहून फिटर बोलावून टेबल लेव्हल करून घेतलं होतं. फिटरने पायांचे बोल्ट फिरवले, चौकट आणि स्लेटच्या मध्ये सनमायकाचे तुकडे सारले, बॉल सोडून दाखवला, पैसे घेतले. काही महिन्यांनी टेबल पुन्हा ओढायला लागलं. फिटर फसवतो असं मालकांचं मत झालं होतं. फिटर फोनवर सांगायचा की टेबल जुनं आहे, चौकटीचं लाकूड बसलंय.

यात पोरांच्या खेळाचं जे झालं होतं त्याची मला जास्त काळजी वाटत होती. कॉलेजच्या पोरांपैकी एकाचा हात फार चांगला आहे. लांबचे पॉट, म्हणजे दुरून बॉल पॉकेटमध्ये घालणं, त्याला सहज जमतं. पुण्याच्या एका स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत हरला, आणि कसा हरला हे मी समोर बसून पाहिलं. प्रत्येक बॉल जोरात. सेफ्टी खेळायची, म्हणजे समोरच्याला सोपा बॉल न ठेवायची, वेळ आली की पांढरा बॉल बॉल्क कुशनला, म्हणजे बॉल्ककडच्या कडेला, चिकटून थांबायच्या ऐवजी तिथून उसळून टेबलाच्या मध्यात यायचा. समोरच्या पोराने त्याला फक्त वाट पाहून हरवलं. आमच्या टेबलावर हळू मारलेला बॉल वळतो, म्हणून आमच्या पोरांनी हळू मारणंच सोडलं होतं. स्नूकरचा अर्धा खेळ हळू बॉलचा आहे. तो अर्धा खेळ त्यांना शिकायलाच मिळाला नव्हता.

क्यूंची, म्हणजे खेळायच्या काठ्यांची, गत वेगळी नव्हती. हॉलच्या ॲशच्या क्यू उजवीकडच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असायच्या. मार्कर, म्हणजे टेबलं आणि गुण सांभाळणारा माणूस, त्यातल्या त्यात सरळ क्यू ओळखीच्या लोकांसाठी बाजूला काढून ठेवायचा. एक क्यू डोळ्यासमोर धरून लांबीच्या रेषेत पाहिली तर टोकाकडचा वीतभर भाग स्पष्ट एका बाजूला गेलेला होता. काही क्यूंच्या टोकावरच्या टिपा ठोके खाऊन पितळी फेरूलच्या, म्हणजे कड्याच्या, बाहेर पसरल्या होत्या.

तपास

मालकांनी मला विचारलं तोपर्यंत त्यांनी नवं कापड विकत घेऊनही टाकलं होतं. त्यांच्या मते जुन्या कापडाची लव एका बाजूला बसली होती आणि बॉल त्यामुळे वळत होता. हा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. स्नूकरचं कापड लोकरीचं असतं आणि त्याची लव बॉल्ककडून काळ्या बॉलकडे जाते, म्हणूनच ब्रश आणि इस्त्री त्याच दिशेने फिरवायची असते. ही लव हळू बॉलला आपल्या दिशेने, म्हणजे काळ्या बॉलच्या टोकाकडे ओढते. मधल्या पॉकेटमध्ये लवेच्या विरुद्ध हळू पॉट मारणाऱ्याला हे लगेच कळतं.

पण लवेचा ओढा आणि उताराचा ओढा वेगवेगळे ओळखता येतात. हाताने बॉल सोडला तर नकळत फिरकी लागते, म्हणून जाड पुठ्ठ्याची एक पन्हळ केली आणि तिच्यातून बॉल सोडला. आधी बॉल्ककडून काळ्याकडे, मग त्याच रेषेवरून उलटा. पहिल्यांदा बॉल डावीकडे, गल्लीच्या बाजूला गेला. उलटा सोडल्यावर तो पुन्हा गल्लीच्याच बाजूला गेला. दोन्ही दिशांनी बॉल खोलीच्या एकाच बाजूला जात असेल तर तो उतार आहे. नवं कापड घातलं असतं तर बॉल नव्या कापडावरून वळला असता, एवढाच फरक.

गल्लीतल्या लोकांचा संशय मागांवर होता. शेजारच्या शेडमध्ये अजून माग चालतात, पायाला थरथर जाणवते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मित्राकडून मशीन बसवताना वापरतात ती अचूक लेव्हल आणली. तिच्यात मीटरला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचेही फरक दिसतात. माग चालू असताना मोजलं, माग बंद असलेल्या दिवशी मोजलं. आकडे तेच. थरथरीने वर्षानुवर्षांत पाया बसू शकतो, पण मग तो एकाच दिशेने बसत जाईल. आमचं टेबल पावसाळ्यात थोडं सुधारायचं आणि उन्हाळ्यात बिघडायचं, हे काकांनी सांगितलं. “श्रावणात या टेबलावर खेळावं, चैत्रात नको,” असं ते म्हणायचे आणि पोरं हसायची. माझ्या दृष्टीने ती सगळ्यात मोलाची माहिती होती.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात त्या याच आकसण्याच्या. शेडखालची माती सगळीकडे सारखी फुगली-आकसली असती तर टेबल सगळंच वरखाली झालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. इथे एक कोपरा इतरांपेक्षा वर होता, बॉल्ककडचा उजवा. उजव्या भिंतीच्या पलीकडे जागामालकांचा पाण्याचा हौद. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, म्हणून घरोघरी असे हौद असतात आणि ते काठोकाठ भरून ठेवलेले असतात.

हौद गळतो का, हे बघायला फार काही लागलं नाही. मालकांनी रात्री सगळे झोपल्यावर खिशातल्या निळ्या चॉकने आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर रेघ मारली आणि पहाटे कुणी पाणी घेण्याआधी पाहिलं. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं. म्हणजे तो कोपरा बारा महिने ओला राहत होता आणि बाकीची जमीन उन्हाळ्यात वाळून खाली बसत होती. दोन्हींतला फरक एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त असणार, आणि पाऊस लागला की कमी होणार. फिटर दोन्ही वेळा पावसाळ्यात येऊन गेला होता. त्याने टेबल खरंच सरळ केलं होतं, त्या दिवसांपुरतं. क्यू वाकण्याचं कारणही हीच भिंत. एका बाजूने ओल पिणाऱ्या भिंतीला तिरकी टेकवलेली काठी सरळ कशी राहील?

या तपासात एक लहान गोष्टही सापडली. उन्हाळ्यात कापड जड वाटायचं, बॉल चालायचा नाही. कूलर टेबल नंबर एकच्या अगदी तोंडाशी ठेवलेला होता. लोकरीचं कापड हवेतली ओल शोषतं, आणि कूलर तासन्‌तास ओली हवा त्याच्यावरच फेकत होता. कूलर दाराकडे सरकवला, फरक त्याच आठवड्यात दिसला. पैसा शून्य.

पहिला निर्णय : थांबायचं की लगेच काही करायचं

मे महिन्यात मोजलं तेव्हा बॉल्ककडचे दोन कोपरे एकमेकांपासून पाच मिलिमीटरने वरखाली होते. माझं म्हणणं असं, की पावसाळ्यात एकदा पुन्हा मोजू आणि मगच खर्चाचं बोलू. मालकांना हे पटायला जड गेलं आणि त्यांची अडचण खरी होती. गिऱ्हाईक रोज कमी होत होतं, भाडं थांबत नव्हतं. नवं कापड घालून हॉल झळाळता दिसला तर लोक परततील असं त्यांचं गणित होतं.

मी एकच गोष्ट समजावली. स्लेटचे सांधे नीट बसवायचे तर कापड काढावं लागतं. आज घातलेलं कापड उद्या स्लेट हलवताना खिळे उपटून काढलं की ते पुन्हा तसं ताणून बसत नाही. कापड हे सगळ्यात शेवटचं काम. मालकांनी ऐकलं. मधल्या काळासाठी दर महिन्याला लेव्हल लावून पायांचे बोल्ट थोडे फिरवायचं ठरलं. किती फिरवले ते वहीत लिहायचं, म्हणजे जमिनीचा खरा फरक त्यातून काढता येईल. ऑगस्टमध्ये बोल्टांचा हिशोब वजा केल्यावर फरक दोन मिलिमीटरवर आला होता. जमीनच हलते, याबद्दल मग कुणालाच शंका राहिली नाही.

पर्याय

पहिला पर्याय, आहे तसं चालवायचं आणि दर महिन्याला बोल्ट फिरवायचे. खर्च जवळजवळ नाही. पण बोल्टाने पाय उचलला की चौकटीला पीळ बसतो, चौकटीवरच्या स्लेट एकमेकींपासून सुटतात आणि सांध्यावरून जाताना बॉल बारीकसा ‘टुक’ करतो. तो टुक ऐकू यायला लागला होताच.

दुसरा, स्नूकर सोडून पूलची टेबलं टाकायची. मालकांच्या पुण्यातल्या आतेभावाचा हाच आग्रह होता. आठ फुटी पूल टेबल जागा कमी घेतं, हलकं असतं, खेळ लवकर संपतो, नवख्याला पहिल्याच दिवशी चार बॉल घालता येतात. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा साडेबावन्न, आणि बॉलच्या मानाने पूलचं पॉकेट बरंच ऐसपैस. धंदा म्हणून हा पर्याय मी कमी लेखत नाही. पण उतारावर पूलचा बॉलही वळतोच, आणि शहरात पूर्ण मापाची टेबलं आधीच मोजकी. त्यातलं एक जरी गेलं तरी शिकणाऱ्या पोरांसाठी ते कायमचं गेलं, असं मी मालकांना स्पष्ट सांगितलं.

तिसरा, जागा बदलायची. जुळे सोलापूर या भागात पहिल्या मजल्यावर एक गाळा मिळत होता. स्लॅबवर काळ्या मातीचा प्रश्न उरत नाही, पण भाडं जास्त, जिना अरुंद, आणि दीडशे किलोची स्लेट त्या वळणावरून नेणार कशी? शिवाय स्लॅब एवढं वजन कायम पेलेल का, हे तपासल्याशिवाय हो म्हणता येणार नव्हतं.

चौथा, गवंडी मिस्त्रींनी सुचवलेला. प्रत्येक पायाखाली काँक्रीटचा वेगळा ठोकळा भरायचा, आठ पायांना आठ. स्वस्त आणि चार दिवसांत होणारा. याला माझा ठाम विरोध होता. आठ ठोकळे काळ्या मातीत आठ वेगवेगळ्या प्रकारे वरखाली होतील आणि आजचा त्रास पक्का होऊन बसेल.

पाचवा, टेबलाखालची काळी माती मुरूम लागेपर्यंत काढायची, चांगला मुरूम थराथराने दाबून भरायचा आणि वर टेबलाच्या मापापेक्षा मोठा, सळईच्या दुहेरी जाळीचा एकच अखंड स्लॅब टाकायचा. जमीन हललीच तर सगळा स्लॅब एकत्र हलेल, टेबलाला पीळ बसणार नाही. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाड मातीचा थर द्यायचं तंत्र आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी विकसित केलं आणि ते काळ्या मातीतल्या कालव्यांच्या कामांत वापरलं गेलं. आम्ही केलं ते त्याच विचाराचं घरगुती रूप म्हणता येईल. हा पर्याय सगळ्यात खर्चिक होता, आणि जमीन दुसऱ्याची.

दुसरा निर्णय : दुसऱ्याच्या जमिनीत आपला पैसा

इथे प्रकरण सगळ्यात जास्त अडलं. शेडचा करार तोंडी होता. दर वर्षी दिवाळीत जागामालक भाडं वाढवायचे आणि मालक मान हलवायचे. अशा जागेत खोदकाम करून काँक्रीट भरायचं आणि पुढच्या वर्षी ‘जागा सोडा’ म्हटलं तर?

जागामालक सत्तरी ओलांडलेले, एके काळचे मागमालक. त्यांच्याशी पहिली बोलणी फसली. मालकांनी थेट विषय काढला, “अण्णा, तुमचा हौद गळतोय.” अण्णांना तो आरोप वाटला. “चाळीस वर्षं हौद आहे, आजवर कुणी बोललं नाही.” हौद दुरुस्त करायचा म्हणजे रिकामा करायचा, आणि चार-पाच दिवसांचं साठवलेलं पाणी सोडून द्या असं सोलापुरात कुणाला सांगणं सोपं नाही.

दुसऱ्या खेपेला काका सोबत गेले. त्यांनी हौदाचा विषय काढलाच नाही. शेडच्या उजव्या भिंतीला पडलेली तिरकी भेग अण्णांना दाखवली आणि म्हणाले, “हे तुमचं घर आहे. भिंत गेली तर खेळणारे दुसरीकडे जातील, तुमचं काय?” माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यात शहाणं वाक्य होतं. अण्णा उठून भेगेजवळ गेले, बोट घालून पाहिलं. मग बोलणं वेगळ्या सुरात सुरू झालं.

ठरलं ते असं. हौदाची दुरुस्ती अण्णांच्या खर्चाने, पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे हौद तळाला गेलेला असताना. टेबलाखालचं काम मालकांच्या खर्चाने. बदल्यात पाच वर्षांचा लेखी आणि नोंदणी केलेला करार. असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ची अटच आहे, पण गल्लीत ती पाळली जातेच असं नाही. मी मालकांना निक्षून सांगितलं होतं, नोंदणी झाल्याशिवाय कुदळ लावायची नाही.

प्रत्यक्ष काम

कामासाठी जानेवारी निवडला. जमीन तेव्हा फार ओली नसते आणि फार वाळलेलीही नसते. शिवाय गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत पोरं होम मैदानावर असतात, हॉल तसाही ओस पडतो. टेबल नंबर एक उघडलं. सहा माणसांनी एकेक स्लेट उचलून आतल्या भिंतीला उभी लावली. सनमायकाचे तुकडे निघाले, त्यांच्या जोडीला कुणाकुणाची व्हिजिटिंग कार्डंही निघाली.

खणताना उजव्या कोपऱ्यातली माती हाताला चिकटत होती. डाव्या बाजूची ढेकळं टणक, कोरडी. एकाच टेबलाखालच्या या दोन माती मालकांनी दोन्ही हातांत धरून पाहिल्या आणि त्याच संध्याकाळी फिटरला फोन करून सांगितलं, “तुमचं काम बरोबर होतं.”

तीन फुटांवर मुरूम लागला. भराव सहा-सहा इंचांच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून आणि दाबून. मिस्त्रींना दोन थर एकदम दाबायची घाई होती. तिथे मी आणि मार्कर आळीपाळीने उभे राहिलो. स्लॅब टाकल्यावर अठ्ठावीस दिवस त्यावर वजन ठेवायचं नाही हे ठरलेलं होतं. स्लॅब आणि जुनी फरशी यांत बोटभर फट मोकळी ठेवली, म्हणजे फरशी हलली तरी स्लॅबला ओढणार नाही. हौदाच्या बाजूला भिंतीलगत पाणी बाहेर जाईल असा उतार दिला.

मग तोच फिटर पुण्याहून आला. आधी चौकट लेव्हल, मग स्लेट, मग सांधे भरून घासणं. सांध्यावरून नख फिरवून त्याने स्वतःच दोनदा पुन्हा घासलं. सगळ्यात शेवटी कापड. क्यूंचा रॅक आतल्या कोरड्या भिंतीवर गेला, क्यू उभ्या अडकतील असा. वाकलेल्या क्यू बाद केल्या. चांगल्यांच्या टिपा बदलल्या.

निष्पत्ती

खरी परीक्षा मे महिन्यात होती. आदल्या मेमध्ये पाच मिलिमीटर असलेला फरक या मेमध्ये अर्धा मिलिमीटरही नव्हता, आणि तोही पायाच्या बोल्टाने चौकटीला पीळ न बसता निघाला. पन्हळीतून सोडलेला बॉल काळ्याच्या ठिपक्यावरून सरळ गेला.

सगळे खूश झाले असं मात्र झालं नाही. जुन्या नियमित खेळाडूंपैकी दोघा-तिघांना टेबलाचं वळण पाठ होतं. बॉल किती ओढेल हे धरून ते मारायचे आणि नवख्याला हरवायचे. त्यांचे पॉट आता उलट्या बाजूला चुकायला लागले. ‘टेबल बिघडवलं’ ही तक्रार त्यांनी कित्येक आठवडे केली. भांडून गेलेल्या दोन दुकानदारांपैकी एक परत आला, दुसरा नाही.

लांब पॉट घालणाऱ्या पोराला काकांनी एक सराव लावून दिला. पांढरा बॉल काळ्याच्या टोकाकडून सोडायचा आणि बॉल्क कुशनपासून वीतभर अंतरात थांबवायचा. रोज, खेळायला सुरुवात करायच्या आधी. पुढच्या स्पर्धेत तो दुसऱ्या फेरीत हरला, पण फ्रेम लांबत गेल्या, आणि त्याने समोरच्याला स्नूकर करून, म्हणजे त्याच्या बॉलची सरळ वाट अडवून, फाऊल काढले. ते बघताना मला जो आनंद झाला तो लपवायचं कारण नाही.

धंद्याचं चित्र संमिश्र आहे. टेबल एकला आता रांग लागते आणि टेबल दोन रिकामं राहतं. टेबल दोनही थोडं ओढतं, फक्त ते हौदापासून लांब असल्यामुळे कमी. मालकांनी त्याचा दर उतरवला. त्यातून नवी कुरकुर, की ज्यांना परवडत नाही त्यांनी वाकड्या टेबलावर शिकायचं का?

वेगळं काय करता आलं असतं

दोन्ही टेबलांचं काम एकदमच केलं असतं तर फिटरचा प्रवास, मजूर, मुरमाच्या खेपा यांत बचत झाली असती. मालकांनी ते टाळलं, कारण मग हॉल महिना-सव्वा महिना पूर्ण बंद ठेवावा लागला असता. त्यांच्या जागी मीही बहुधा तेच केलं असतं. पण टेबल दोनचा भराव आणि स्लॅब निदान त्याच करारात लिहून घेता आला असता. तसं झालं नाही, आणि आता खोदायचं तर अण्णांची परवानगी पुन्हा नव्याने घ्यावी लागेल.

नवं कापड मोजमापाआधी घेतलं गेलं. ते आठ-नऊ महिने शेडमध्ये गुंडाळून पडलं होतं. लोकरीला कसर लागते, आणि त्यात मागांची तूस. नॅफ्थलिनच्या गोळ्या घालून मार्करने ते जपलं म्हणून वाचलं. कापड लागेल तेव्हाच घ्यावं.

हौदाची बोलणी आधी काकांनी करायला हवी होती. ज्याचा पैसा अडकलाय त्याने तक्रार घेऊन गेलं की समोरचा बचावात जातो, हे तिथे डोळ्यांनी दिसलं.

आणि फिटरला दोन्ही वेळा पावसाळ्याऐवजी एकदा तरी मे महिन्यात बोलावलं असतं, तर ऋतूप्रमाणे होणारा फरक त्याच्याही लक्षात आला असता. त्याच्या नावाला जो बट्टा लागला तो टळला असता.

सध्या विषय टेबल दोनचा आहे. आतेभावाचं म्हणणं, ते काढा आणि त्या जागेत पूलची दोन टेबलं टाका. मालक द्विधेत आहेत, आणि पोरांची मागणी पूलचीच जास्त आहे हेही खरं. माझं मत मी त्यांना दिलं आहे. पूल टाकायचा तर दाराकडच्या मोकळ्या जागेत एक टाका, तिथली जमीन हौदापासून लांब आहे आणि टेबल हलकं आहे. टेबल दोनला मात्र स्लॅब द्या. मिस्त्रींचा अंदाज आला आहे, अण्णांकडे काका पुढच्या आठवड्यात जाणार आहेत. काम व्हायचं तर जानेवारीतच, म्हणजे दिवाळीपर्यंत होकार यायला हवा. तोवर टेबल दोनचे आकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मार्कर वहीत लिहितो आहे.